लुक्लाचं विमान आणि पंधरा किलोचं गणित

प्रश्न : एप्रिलमध्ये नेपाळमधल्या आयलंड पीक शिखरावर निघालोय. लुक्लापर्यंत विमानानं जाताना सामानाचं आणि दिवसांचं कसं जमवू?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : काठमांडूपर्यंतची काळजी सोडा, खरी गाठ पुढं आहे. लुक्ला म्हणजे एव्हरेस्टच्या वाटेवरचं डोंगरातलं गाव, तिथली धावपट्टी जेमतेम ५२७ मीटर, तीही चढावर. ढग उतरले की उड्डाण रद्द. मी तिथं तीन दिवस अडकलो आणि परतीचं मुंबईचं तिकीट पाण्यात गेलं. येताना दोन-तीन दिवस मोकळे ठेवाच. गर्दीच्या मोसमात विमान काठमांडूऐवजी बहुधा रामेछापहून सुटतं, म्हणजे काठमांडूत मध्यरात्री उठून तिथवर चार-पाच तास गाडी.

सामान साधारण १५ किलोच. मी जड बूट पायात घालूनच बसतो. लोक हसतात, हसू देत. क्रॅम्पन (बर्फावर चालायला बुटाला लावायचे काटे), आइस ॲक्स (बर्फाची कुऱ्हाड) चेक-इनमध्ये, पॉवर बँक जवळ. स्टोव्हच्या गॅसचा डबा विमानात चालत नाही, लुक्लाच्या पुढं वाटेवरच्या नामचे गावात मिळतो. ओळखीला पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र घ्या, आधारवर विसंबू नका.

आणि घरचा कांदा-लसूण मसाला पावशेर तरी न्या. दहाव्या दिवशीच्या डाळभाताला तोच तारतो.