मिरजेचा तंबोरा, औंधची टेकडी आणि बिनबर्फाचा रस

प्रश्न : मिरजेला सतारी-तंबोरे होतात हे लहानपणापासून ऐकते, पण कारखाना कधी पाहिला नाही. काही विकत घ्यायचं नसताना आत जाता येतं का? आणि गेल्यावर बघायचं काय? (वाचक, विश्रामबाग, सांगली)

जाता येतं. सतारमेकर गल्लीतली बहुतेक दुकानं म्हणजेच कारखाना. पुढे टांगलेली वाद्यं, मागे लाकूडकाम. सकाळी अकराच्या सुमारास जा, तेव्हा हातात काम असतं. शुक्रवारची दुपार नमाजाची, ती वेळ टाळा. आधी विचारा, मग फोटो काढा. टांगलेल्या वाद्याला विचारल्याशिवाय हात लावू नका, कारण लावलेला सूर एका धक्क्याने उतरतो.

पहिल्यांदा भोपळे बघा. खाण्याचे नव्हेत, हे कडू, जाड सालीचे भोपळे. ते पंढरपूर-मंगळवेढा भागातून येतात. वाळलेला भोपळा पाण्यात भिजवून मऊ करतात, कापतात, आतला गर आणि बिया काढतात. पुन्हा वाळताना त्याने आकार सोडू नये म्हणून आतून काटक्यांचा ताण देतात. दांडी आणि तबली (भोपळ्याच्या तोंडावर बसवलेली फळी) तुणीच्या लाकडाची. हे लाकूड हलकं, शिवाय मुरलं की फारसं वाकत नाही. भोपळा आणि दांडी जिथे मिळतात त्या गळ्याच्या सांध्यावर नजर ठेवा. नकशी कितीही देखणी असली तरी तिथे फट दिसली तर वाद्य पुढे त्रास देणार.

खरं कसब घोडीवर, म्हणजे तबलीवरच्या ज्या पट्टीवरून तारा जातात तिच्यावर. तार घोडीच्या टोकाला टेकत नाही, तिच्या किंचित उतरत्या पाठीला चाटत जाते. त्या चाटण्यातून आवाजाला जी धार येते ती जवारी. कारागीर कानशीने घोडीची पाठ घासतो, तार चढवतो, ऐकतो, तार उतरवून पुन्हा घासतो. एकदा जास्त घासलं गेलं की परत भरता येत नाही, म्हणून हात अगदी हलका. शेवटी तारेखाली सुती दोरा सरकवतात. दोरा केसभर पुढे-मागे झाला की मिटलेला आवाज एकदम उघडतो. 'दोरा सरकवून दाखवाल का?' एवढंच विचारा. गिऱ्हाईक नसलात तरी सहसा नाही म्हणत नाहीत.

कानाची परीक्षा घ्यायची असेल तर खर्जाची, म्हणजे शेवटची पितळी तार एकटी छेडायला सांगा आणि ती विरेपर्यंत गप्प बसा. षड्जाच्या (सा) वर कुठेतरी गंधार (ग) तरंगताना ऐकू येतो. तो कुणी लावलेला नसतो. खर्जाच्या मूळ कंपनाच्या पाचपट वेगाचं उपकंपन तिथे असतं आणि जवारी चांगली असेल तरच ते वर येतं. तंबोरा निवडणारे गवई नकशी नाही, हा गंधार बघतात.

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. सांबरशिंगाची घोडी दाखवून कुणी भाव वाढवू लागला तर तिथून निघा. वन्यजीव कायद्याने तो व्यवहार बंद आहे. आता उंटाचं हाड, शिसवी लाकूड किंवा कृत्रिम पदार्थ वापरतात.

प्रश्न : घरी आजोबांचा तंबोरा आहे. खुंट्या पावसाळ्यात हलत नाहीत आणि उन्हाळ्यात थांबत नाहीत. आवाजही बोथट झालाय. दुरुस्तीला टाकावा का?

खुंट्यांसाठी टाकू नका. पावसाळ्यात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. घट्ट बसलेली खुंटी पकडीने फिरवू नका, दांडीला चीर जाते. तार सैल करून खुंटी हळूच बाहेर ओढा आणि पुसून पुन्हा बसवा. सरकत असेल तर तिला साधा खडू फासा. तेल मात्र कधीही नको.

आवाज बोथट होण्याचं कारण वेगळं. तारांनी घोडीवर चर पाडलेत, म्हणजे जवारी बसली. घोडीवर बोट फिरवलंत तर नखाला खाच लागेल. हे काम मिरजेलाच न्या, घरी पॉलिश कागद घेऊन बसू नका. नेताना तारा उतरवा, घोडी काढून वेगळ्या कापडात गुंडाळा आणि भोपळ्याभोवती गादी बांधा. एसटीच्या टपावर नको. तुमचा सूर कोणता तेही सांगा. पेटीच्या पट्ट्यांत सांगायचं तर पुरुषी गळ्याला साधारण काळी एक-दोन आणि बायकी गळ्याला पांढरी पाच-काळी चार, या दोन्हींना तारांची जाडी निराळी लागते.

प्रश्न : तिकीट न काढता चांगलं शास्त्रीय गाणं ऐकायचं तर जवळपास कुठे?

मिरजेतच. किराणा घराण्याचे गायक उस्ताद अब्दुल करीम खाँ १९३७ साली दक्षिणेत प्रवासात वारले. त्यांना मिरजेच्या ख्वाजा मीरासाहेब दर्ग्यात दफन केलं आहे. दर्ग्याच्या उरुसात त्यांच्या स्मरणार्थ संगीतसभा होते. उरूस हिजरी पंचांगाने येतो, त्यामुळे दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. गेल्या वर्षीच्या तारखेवर रजा टाकू नका. या उरुसात मानाचा पहिला गलेफ (कबरीवर घालायची चादर) चर्मकार समाजाचा असतो, तो बघायचा तर पहिल्या दिवशी जा. नवरात्रात अंबाबाईच्या देवळातही गाणं असतं. दोन्हीकडे बैठक जमिनीवर. गुडघे दुखत असतील तर भिंतीकडेची जागा लवकर धरा. रात्री उशिराच्या रागांसाठी यायचं असेल तर सांगलीला परतायच्या वाहनाची सोय आधी बघा, कारण शेवटच्या सिटी बसनंतर रिक्षावाले सांगतील तो दर.

प्रश्न : मुलांना घेऊन एक दिवसाचं संग्रहालय सुचवा. तलवारी-भाले पुष्कळ पाहून झाले.

सातारा जिल्ह्यातलं औंध. यमाईच्या डोंगरावर जाताना वाटेत श्री भवानी संग्रहालय लागतं. संस्थानाधिपती भवानराव पंतप्रतिनिधींनी ते १९३८ मध्ये उभारलं. पंत स्वतः चित्रकार होते आणि सूर्यनमस्कारांचे कट्टर प्रचारक. राजा रविवर्म्याची चित्रं लोक बघतातच. मुलांना मात्र हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराच्या 'माता आणि बालक' या दगडी शिल्पासमोर उभं करा आणि 'यात आई कुठली?' विचारा. पाठ्यपुस्तकातल्या चित्रासारखं नाक-डोळे शोधायला गेलात तर हाती काही लागत नाही. पोरं आपोआप गोलाई बघू लागतात.

सांगलीहून रेल्वेने रहिमतपूर आणि पुढे रस्त्याने, किंवा सरळ गाडीने. सरकारी संग्रहालयं बहुधा सोमवारी बंद असतात, पण जाण्याआधी फोन करून विचाराच. गाणंही हवं असेल तर आश्विन वद्य पंचमी, म्हणजे कोजागरीनंतर पाचवा दिवस गाठा. १९४० मध्ये अंतूबुवा जोशींनी गुरू शिवानंद स्वामींच्या स्मरणार्थ सुरू केलेला औंधचा संगीत महोत्सव त्या तिथीला असतो. आधी डोंगर आणि संग्रहालय, मग गाणं, असा क्रम ठेवा. उलट केलंत तर संग्रहालय राहून जातं.

प्रश्न : उसाच्या जिल्ह्यात राहून रस मात्र नेहमी पाणचट किंवा काळपट मिळतो. चूक कुणाची?

निम्मी बर्फाची. ग्लासात आधी बर्फ टाकून वर रस ओतला की शेवटचा घोट पाण्याचाच. 'बिनबर्फाचा, आलं-लिंबू घालून' असं सांगा. लिंबू चवीपुरतं नसतं. उसातल्या विकरामुळे हवा लागताच रस काळवंडतो आणि आंबटपणा ते लांबवतो. लिटरला अर्धं लिंबू पुरतं. आल्याचा पेराएवढा तुकडा उसाच्या घडीत ठेवूनच चरकातून काढायला हवा, वरून पिळलेलं आलं नुसतं झोंबतं. तरी पंधरा-वीस मिनिटांत पिऊन टाका, बाटलीत भरून घरी नेऊ नका.

ऊसही बघा. कापलेल्या टोकाला लालसर झाक किंवा आंबूस वास असेल तर तो शिळा किंवा रोगट. चिपाड चौथ्यांदा चरकात गेलं की रस वाढतो, पण सालीचा तुरटपणा उतरतो. दोन-तीन वेळा पुरे.

खरी चव गुऱ्हाळावर. हंगामात, नोव्हेंबर ते मार्च, सकाळी लवकर जा. काहिलीत, म्हणजे मोठ्या पसरट कढईत, रस तापतो, भेंडीच्या चिकट पाण्याने मळी वर येते आणि ती सतत काढतात. गुळाआधीची पायरी काकवीची. ती १०५ अंश सेल्सियसच्या आसपास उतरवतात. गुळव्या मात्र थर्मामीटर धरत नाही. पाक थंड पाण्यात टाकून बोटांनी गोळी करून बघतो. ताजी काकवी काचेच्या बरणीत, पूर्ण गार झाल्यावरच झाकण लावून न्या. गरम असताना झाकली तर वाफेचं पाणी पडतं आणि ती आंबते.

प्रश्न : काळ्या द्राक्षांचा रस फ्रीजमध्ये ठेवला तर तळाला काचेसारखे कण जमतात. भेसळ की काय?

नाही. ते द्राक्षातल्याच टार्टरिक आम्लाचे क्षार, थंडीत खाली बसतात. किलोभर द्राक्षं अर्धी वाटी पाण्यात मंद आचेवर दहा-बारा मिनिटं ठेवा, उकळू देऊ नका. कापडातून न पिळता गाळा, पिळलं की गढूळ होतो. रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून वरचा रस ओतून घ्या. तीन दिवसांत संपवा.