तडकलेल्या लाकडाचा वाडगा : वाचकांचे प्रश्न, कातकामाची उत्तरे

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या आवारातील जुना रेन ट्री गेल्या जुलैत उन्मळून पडला. महापालिकेच्या कर्मचाऱ्यांनी तो कापून नेला आणि त्यांना विचारून आम्ही दोन ओंडके ठेवून घेतले. माझ्याकडे दहा इंच व्यासापर्यंतचे काम घेणारा लहान लेथ, म्हणजे लाकूड फिरवून कातण्याचे यंत्र, आहे. त्या झाडाखाली खेळून मोठ्या झालेल्या मुलांना एकेक वाडगा करून द्यावा, असा विचार होता. परंतु दिवाळीनंतर ओंडक्यांच्या टोकांना चांदणीसारख्या भेगा पडल्या आणि एका ओंडक्यावर तर या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा गेला. भेगांत फेव्हिकॉल आणि भुसा भरून पाहिला, तो पंधरा दिवसांत सुटला. आमचे सुतार म्हणतात की हे आता सरपण झाले. खरोखर तसे आहे काय? (एक वाचक, वर्तकनगर, ठाणे)

उत्तर : सुतारांचे म्हणणे त्यांच्या कामापुरते बरोबर आहे, कारण त्यांना सरळ, लांब आणि निर्दोष फळी हवी असते. वाडग्याला मात्र वीतभर चांगले लाकूड पुरते, आणि तेवढे लाकूड आपल्या ओंडक्यांत नक्की असेल. ते कोठे आहे, हे भेगाच सांगतील. म्हणून त्या बुजवण्याची घाई न करता आधी त्यांची दिशा नीट पाहावी.

भेग का पडते, हे समजले की पुढचे निम्मे काम सोपे होते. ओले लाकूड वाळताना सर्व बाजूंनी सारखे आकसत नाही. लांबीत ते जवळजवळ आकसतच नाही. गाभ्यापासून, म्हणजे खोडाच्या अगदी मध्यापासून, सालीकडे जाणाऱ्या दिशेत थोडे आकसते, आणि खोडाच्या घेराच्या दिशेत त्याच्या साधारण दुप्पट आकसते. घेर जेवढा कमी होऊ पाहतो तेवढी त्रिज्या कमी होत नाही, त्यामुळे ओढाताण होऊन लाकूड सालीकडून गाभ्याकडे फाटते. आपली चांदणी ती हीच. शिवाय कापलेल्या टोकाच्या उघड्या नळ्यांतून ओलावा बाजूपेक्षा दहा-पंधरा पट वेगाने निघून जातो, म्हणून सुरुवात टोकापासून होते. पावसाळ्यातील चार महिने आपल्याकडची हवाच इतकी दमट असते की ओंडका वाळत नाही आणि निर्धास्त वाटतो. ऑक्टोबरचे ऊन लागले की सगळा हिशेब एकदम चुकता होतो. झाड पडले त्याच दिवशी टोकांना मेण किंवा जुन्या ऑइल पेंटचे दोन जाड हात दिले असते, तर निम्म्या भेगा टळल्या असत्या. पुढच्या वेळेसाठी हे लक्षात ठेवावे.

आता या ओंडक्यांकडे वळू. प्रथम टोकाकडून दोन बोटे जाडीच्या चकत्या कापत जावे. प्रत्येक वेळी शेवटी एक अगदी पातळ चकती काढून ती हाताने वाकवून पाहावी. डोळ्यांना न दिसणारी भेग असेल तर चकती तेथेच मोडते. ती सलग वाकू लागली की चांगले लाकूड सुरू झाले, असे समजावे. त्यानंतर ओंडका गाभ्यातून उभा चिरावा आणि दोन्ही अर्धांमधून गाभ्यालगतची दोन-तीन सेंटिमीटरची पट्टी काढून टाकावी. नवशिके येथे हमखास कंजुषी करतात. वाडग्यात गाभा राहिला, तर आज नसलेली भेगही उद्या तेथूनच निघेल. ज्या ओंडक्यावर आरपार तडा आहे, तो त्या तड्याच्या रेषेवरच चिरावा. जेथे झाडाने स्वतः कापण्याची जागा दाखवली आहे, तेथे करवतीने वेगळी वाट शोधण्यात अर्थ नाही.

एवढे करूनही काही भेगा तुकड्यात राहतीलच. त्यांपैकी कोणती चालेल आणि कोणती नाही, याबाबत माझे मत ठाम आहे. वाडग्याच्या काठापासून निघून भिंतीत एक-दोन इंचांवर संपणारी भेग चालते. काठापासून तळाच्या पकडीपर्यंत, म्हणजे यंत्र वाडगा जेथे धरते तेथपर्यंत, पोचणारी चालत नाही. साल-गाभ्याच्या रेषेत न जाता घेराला समांतर, कांद्याच्या पापुद्र्यासारखी वळत जाणारी भेग तर लेथजवळही आणू नये. तेथे लाकडाचे थर एकमेकांपासून सुटलेले असतात आणि फिरताना अख्खी कपची उडते. शंका असेल तेव्हा तुकडा टांगून लाकडी दांड्याने ठोकून पाहावा. खणखणीत आवाज आला तर ठीक. भांडे फुटल्यासारखा बद्द आवाज आला तर सुतारांचा शब्द मानावा.

मी वागळे इस्टेटमधील कारखान्यांत अनेक वर्षे लोखंडाच्या लेथवर काम केले आणि लाकडाकडे उशिरा वळलो. लोखंडावरील भरवसा मी लाकडावरही ठेवला. फणसाच्या एका तुकड्यातील अशीच वळती भेग मी साधी रेघ समजलो आणि नेहमीच्या वेगाने यंत्र सुरू केले. अर्धा वाडगा माझ्या कानाजवळून जाऊन मागच्या भिंतीवर आदळला. दहा इंचांचा तुकडा मिनिटाला ९०० फेऱ्यांनी फिरतो तेव्हा त्याचा काठ सेकंदाला जवळजवळ १२ मीटर, म्हणजे ताशी ४३ किलोमीटर वेगाने जात असतो. ही संख्या लेथशेजारच्या भिंतीवर लिहून ठेवावी, असे मी कळकळीने सांगतो.

कातारी लोकांचा एक ढोबळ नियम असा आहे की इंचांतील व्यास गुणिले मिनिटाच्या फेऱ्या हा गुणाकार ६००० ते ९००० यांच्या दरम्यान असावा. दहा इंचांसाठी ६०० ते ९०० फेऱ्या होतात. परंतु हा नियम निर्दोष लाकडाचा आहे. तडकलेल्या लाकडाला ३००-४०० फेऱ्यांपासून सुरुवात करावी आणि तुकडा गोल होऊन थरथर थांबेपर्यंत वेग वाढवू नये. यंत्र सुरू करताना तुकड्याच्या समोर उभे न राहता एका बाजूला उभे राहावे. चेहऱ्यावर पूर्ण फेस शील्ड हवे. नुसता चष्मा पुरत नाही. शक्य असेल तोवर टेलस्टॉकचा, म्हणजे तुकड्याला दुसऱ्या टोकाकडून दाबून धरणाऱ्या भागाचा, आधार काढू नये. पकडीबाबतही एक गोष्ट महत्त्वाची आहे. तळाला खळगा करून चकचे (तुकडा धरून फिरवणाऱ्या पकडीचे) जबडे आतून बाहेर ताणले, तर ते पाचरीसारखे भेग उघडतात. तळाला बाहेरून आवळता येईल असा गोल खुंट ठेवावा. म्हणजे पकड भेग मिटवण्याच्या बाजूने काम करते. बाहेरचा आकार झाल्यावर आणि आतून कोरण्यापूर्वी भिंतीभोवती चिकटपट्टीचे चार-पाच घट्ट वेढे द्यावेत.

फेव्हिकॉल का सुटला, हे आता आपल्या लक्षात आले असेल. लाकूड ओले होते आणि भेग अजून रुंदावत होती. त्यात हा गोंद पाण्याचा असल्याने स्वतःही वाळून आकसतो. दोन पृष्ठभाग दाबून चिकटवण्यासाठी तो उत्तम आहे, पोकळी भरण्यासाठी नाही. म्हणून क्रम असा ठेवावा की आधी ओल्या लाकडाचा जाड वाडगा कातावा, भिंतीची जाडी व्यासाच्या एक दशांश, म्हणजे दहा इंचांना एक इंच. केसासारख्या भेगेच्या टोकाशी पातळ इन्स्टंट गोंदाचे दोन थेंब सोडावेत, म्हणजे ती पुढे सरकण्याचे प्रमाण कमी होते. मग वाडगा त्याच्याच ओल्या ढलप्यांत घालून कागदी पिशवीत सावलीत ठेवावा आणि दर आठवड्याला स्वयंपाकघरातील काट्यावर वजन करून ते पिशवीवर लिहावे. सलग तीन-चार आठवडे वजन बदलले नाही की वाडगा वाळला, असे पुस्तकांत म्हटलेले असते. ठाण्यात हा निकष पावसाळ्यात फसवतो. हवेतील आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास असेल तर लाकूड स्वतःत २० टक्के ओलावा धरून स्थिर होते. वजन थांबते, पण वाळणे झालेले नसते. शेवटचे कातणे, म्हणजे वाळलेला जाड वाडगा हव्या त्या जाडीचा करणे, फेब्रुवारी ते मे या काळातच करावे.

त्या वेळी उरलेल्या भेगा भराव्यात. दोन-तीन मिलिमीटर रुंदीच्या भेगेत अराल्डाइटसारख्या इपॉक्सीत त्याच लाकडाचा बारीक भुसा किंवा पितळेची पूड मिसळून भरता येते. नुसता भुसा भरला तर तो नेहमी लाकडापेक्षा काळपट दिसतो, म्हणून मला पितळ अधिक आवडते. भेग रुंद असेल, तर तिच्यावर आडवे, दोन्ही टोकांना रुंद आणि मध्ये निमुळते असे कठीण लाकडाचे फुलपाखरू बसवावे. जपानी-अमेरिकन कारागीर जॉर्ज नाकाशिमा यांनी फुटक्या फळ्यांची टेबले याच जोडाने जगभर मान्यतेस नेली. ते १९३०च्या दशकाच्या अखेरीस पाँडिचेरीच्या अरविंद आश्रमातील गोलकोंड इमारतीच्या कामासाठी आपल्या देशात राहिले होते.

आपल्या बाजूने एक चांगली गोष्टही आहे. रेन ट्रीचे लाकूड इतर अनेक लाकडांच्या मानाने कमी आकसते. हवाई बेटांवर याच झाडाचे वाडगे मोठ्या प्रमाणावर कातले जातात. गाभ्याची पट्टी काढल्यावर उरलेले आतले चॉकलेटी लाकूड घ्यावे. सालीलगतच्या पिवळट लाकडात भुंगा लवकर शिरतो. महापालिकेचा जो कागद मिळाला असेल तो मात्र जपून ठेवावा. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ आपल्या शहरास लागू आहे, आणि लाकूड कोठून आले हे विचारणाऱ्याला दाखवता आले पाहिजे.

प्रश्न : आंब्याचा एक तुकडा पावसाळाभर गच्चीवर पडून होता. आता कापल्यावर आत शाईने काढल्यासारख्या काळ्या रेषा दिसतात. काही भाग भुसभुशीत झाला आहे. हे लाकूड किडके समजून टाकावे का? (एक वाचक, ऐरोली)

उत्तर : कृपया टाकू नये. त्या रेषा बुरशीच्या आहेत. लाकडात शेजारी-शेजारी वाढणाऱ्या बुरशीच्या वसाहती आपापली हद्द आखतात, ती हद्द म्हणजे ही काळी रेषा. अमेरिकेत मेल लिंडक्विस्ट आणि त्यांचे पुत्र मार्क या कातकारागिरांनी असे लाकूड मुद्दाम निवडून त्याला प्रतिष्ठा मिळवून दिली. त्याआधी तेथेही ते फेकलेच जात असे. नख दाबून पाहावे. नख उमटत नसेल तो भाग सरळ कातता येतो. किंचित दबत असेल, तर पातळ इन्स्टंट गोंद मुरवून तो टणक करावा, अर्थात खिडकी उघडी ठेवून, कारण त्याची वाफ डोळ्यांना झोंबते. बोट घुसत असेल तो भाग निःसंकोच कापून टाकावा. मऊ-कडक लाकूड एकत्र असल्याने हत्यार ताजे परजलेले हवे, नाहीतर मऊ भागाचे तंतू उपटून येतात आणि तो खडबडीतपणा पॉलिश पेपरने कधीच जात नाही. या लाकडाच्या धुळीत बुरशी असते, म्हणून एन-९५ मास्क लावूनच काम करावे. घरात कोणाला दमा असेल तर हे काम बंद बाल्कनीत मुळीच करू नये.

प्रश्न : भेग भरलेल्या वाडग्यात खाद्यपदार्थ ठेवावेत का? (एक वाचक, कोलशेत)

उत्तर : सुका मेवा, फळे, भाकरी यांना हरकत नाही. गरम आमटी, दही किंवा तेलकट लोणचे ठेवू नये. भरलेली भेग उष्णता आणि ओल यांनी पुन्हा हलते. मला स्वतःला भेगेत लाख भरणे सर्वांत योग्य वाटते. सावंतवाडीचे कारागीर फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवून घर्षणाच्या उष्णतेनेच रंग चढवतात. तीच लाख तापवून भेगेत भरता येते. मात्र लाख उष्णतेने मऊ होते, हे विसरू नये. कण्हेरीच्या लाकडाचे खाण्याचे भांडे करू नये, कारण ते झाड विषारी आहे.

प्रश्न : जांभळाच्या लाकडाचा माझा वाडगा घरात वर्षभर चांगला होता. मैत्रिणीला भेट दिला, तिने तो वातानुकूलित कार्यालयात ठेवला, आणि महिन्याभरात काठाला तडा गेला. माझे काय चुकले? (एक वाचक, नेरूळ)

उत्तर : आपले कातणे चुकले नाही. खाडीजवळच्या घरात लाकूड १५ टक्क्यांच्या आसपास ओलावा धरून स्थिरावते. एसीच्या कोरड्या हवेत ते ९-१० टक्क्यांवर येते आणि तेवढ्या फरकाने पुन्हा आकसते. भेट कोठे जाणार हे माहीत असेल, तर शेवटच्या कातण्यापूर्वी वाडगा काही आठवडे तशाच खोलीत ठेवावा आणि भिंत पातळ, सर्वत्र सारख्या जाडीची करावी. जाड तळ आणि पातळ काठ असा वाडगा पहिल्यांदा तडकतो.

तो वाडगा परत मागवून टाके घालावेत, असे मी सुचवेन. माझ्या आजीच्या काठवटीला पडलेल्या भेगेवर पत्र्याची पट्टी ठोकलेली होती आणि त्या काठवटीत पुढे कित्येक वर्षे पीठ मळले गेले, त्यामुळे दुरुस्तीची खूण मला उणीव वाटत नाही. भेगेच्या दोन्ही बाजूंना, तिच्यापासून अर्धा सेंटिमीटर अंतरावर, दीड मिलिमीटरच्या ड्रिलने समोरासमोर छिद्रे पाडावीत. भेग जेथे संपते तेथेही एक छिद्र पाडावे, म्हणजे ती पुढे सरकत नाही. मग तांब्याची मऊ तार ओवून आतल्या बाजूला पिळावी आणि टोक दाबून बसवावे. तार ओढून भेग मिटवण्याचा प्रयत्न करू नये. पावसाळ्यात ती आपोआप थोडी मिटेल आणि कोरड्या हवेत पुन्हा उघडेल, तेवढी ढील तारेत राहू द्यावी.