वाचकांचे प्रश्न : मुलांची संस्था आणि बुटांची कंपनी

प्रश्न : वाणिज्य शाखेच्या प्रकल्पासाठी ‘सेव्ह द चिल्ड्रन’ ही संस्था आणि ‘नाइकी’ ही कंपनी यांची तुलना करायची आहे. उद्देश, मालकी, निधी असा तक्ता केला, पण पुढे काही सुचत नाही.

उत्तर : तक्ता बाजूला ठेवा आणि एकच प्रश्न विचारा : पैसे कोण देतं आणि वस्तू कोणाच्या हातात पडते? बूट घेणारा स्वतःच्या खिशातून पैसे देतो. बूट टाचेला चावला, तर पुढच्या वेळी तो दुसऱ्या कंपनीकडे जातो. त्याची नाराजी विक्रीच्या आकड्यात आपोआप उमटते.

संस्थेत पैसे देणारा एक आणि घेणारं मूल दुसरंच. १९१९ मध्ये एग्लंटाइन जेब आणि त्यांची बहीण डोरोथी बक्स्टन यांनी लंडनमध्ये ‘सेव्ह द चिल्ड्रन’ सुरू केली ती जर्मनी-ऑस्ट्रियातल्या उपाशी मुलांसाठी. म्हणजे कालपर्यंतच्या शत्रुराष्ट्रातल्या मुलांसाठी देणग्या मागितल्या जात होत्या. त्या मुलांकडे द्यायला काहीच नव्हतं, त्यामुळे त्यांचा कौल कोणत्याच विक्रीत दिसणार नव्हता. आजही छावणीत वाटलेली पुस्तकं मुलांना न कळणाऱ्या भाषेत असली, तरी दात्याला आभाराचं पत्र पोहोचतं आणि देणगी चालू राहते. म्हणून चांगल्या संस्था मुद्दाम विचारायला जातात : तक्रार नोंदवायची सोय, पालकांच्या बैठका, बाहेरच्या तज्ज्ञांकडून मूल्यमापन. प्रकल्पात हे शोधा. स्थापनेच्या सालापेक्षा ते कितीतरी मोलाचं आहे.

प्रश्न : संस्थेच्या हिशेबात वर्षअखेर शिल्लक दिसते. मग तो नफाच नाही का?

उत्तर : नाही. कंपनीचा नफा लाभांश म्हणून भागधारकांना वाटता येतो, संस्थेची शिल्लक कुणालाही वाटता येत नाही. शिवाय ती सगळी मोकळीही नसते. समजा, वर्षाचा खर्च ९० आणि शिल्लक ३० आहे. त्या ३० मधले २४ दात्यांनी फक्त लसीकरणासाठी दिलेत. उरले ६. महिन्याचा खर्च साडेसात, म्हणजे देणग्या थांबल्या तर ही संस्था महिनाभरही तग धरणार नाही. तीन ते सहा महिन्यांचा मोकळा राखीव निधी असावा, असं साधारणपणे मानतात. ताळेबंदात ‘निर्बंधित’ (दात्याने ठरवलेल्या कामासाठीच वापरायचा) आणि ‘अनिर्बंधित’ (मोकळा) निधी वेगळे दाखवलेले असतात. विद्यार्थी नेमके हेच दोन एकत्र करतात आणि संस्था श्रीमंत आहे असा निष्कर्ष काढून मोकळे होतात.

कंपनीत याच जागी पडून राहिलेला माल पाहा. नाइकीच्या मे २०२३ अखेरच्या वर्षात विक्री ५१.२ अब्ज डॉलर, ढोबळ नफा ४३.५ टक्के आणि शिल्लक माल सुमारे ८.५ अब्ज होता. विक्रीतून ढोबळ नफा वजा केला, की विकलेल्या मालावर झालेला खर्च साधारण २९ अब्ज येतो. ८.५ ला २९ ने भागून ३६५ ने गुणा : सुमारे १०७ दिवस पुरेल इतका माल. हे दिवस वाढू लागले की सवलती द्याव्या लागतात आणि ढोबळ नफा घसरतो.

प्रश्न : प्रशासनावर कमी टक्के खर्च करणारी संस्था चांगली, हे बरोबर ना?

उत्तर : हा आकडा फसवा आहे. रोख देणगी ५०, प्रशासन खर्च १०, म्हणजे २० टक्के. त्याच संस्थेला ५० किमतीची औषधं दान मिळाली आणि ती उत्पन्नात धरली, की प्रमाण एकदम १० टक्क्यांवर येतं. कारभार होता तसाच. म्हणून वस्तुरूप दान वगळून पुन्हा हिशेब करा. हिशेबनीस, प्रशिक्षण, मुलांच्या सुरक्षिततेची तपासणी यांचाही खर्च इथे येऊ शकतो. तो छाटला तर मुलांनाच धोका. नाइकीने त्याच वर्षी जाहिरात आणि प्रसिद्धीवर सुमारे ४.१ अब्ज, म्हणजे विक्रीच्या ८ टक्के खर्च केले. त्याला कुणी उधळपट्टी म्हणत नाही, मग संस्थेलाच हा जाच का?

प्रश्न : ‘या खरेदीतला काही भाग मुलांसाठी’ असं कपड्यांवर छापलेलं असतं. काय तपासावं?

उत्तर : टक्केवारी विक्रीवर आहे की नफ्यावर, हे आधी. निव्वळ नफा १० टक्के असेल, तर ‘नफ्याच्या ५ टक्के’ म्हणजे शंभर रुपयांच्या विक्रीमागे फक्त अर्धा रुपया. मग किमान हमी किती, कमाल मर्यादा किती, योजना कधी संपते ते पाहा.

उलट उदाहरणही आहे. २००६ पासून बार्सिलोना फुटबॉल क्लबच्या जर्सीवर युनिसेफचं नाव होतं (युनिसेफ ही संयुक्त राष्ट्रांची संस्था, खासगी नव्हे). एरवी छातीवरच्या जागेसाठी क्लबला पैसे मिळतात, इथे मात्र क्लबच युनिसेफला वर्षाला १५ लाख युरो देत होता. त्याच जर्सीवर नाइकीची खूणही होती आणि त्या करारात पैसे कंपनी क्लबला देत होती.