दशमांश देणे बंधनकारक आहे का, आणि आशीर्वादाच्या आशेने दिलेले दान निःस्वार्थ म्हणता येईल का?

आपण विचारले आहे की, दहावा हिस्सा दिल्यास देव आशीर्वादाचा वर्षाव करील असे ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) सांगितले जाते, मग या देण्याला निःस्वार्थ कसे म्हणायचे. मी सोलापुरातील एका मंडळीचा सभासद आहे आणि माझ्या समजुतीप्रमाणे उत्तर देतो.

हे अभिवचन बायबलातील मलाखीच्या पुस्तकात (3:10) आहे, परंतु तेवढेच धरून बसले की अर्पणाची मुदत ठेव होते. दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश गावातच साठवून लेवी (देवाच्या सेवेसाठी नेमलेला, स्वतःचे वतन नसलेला वंश), परके, अनाथ आणि विधवा यांना पोटभर जेवू घालावे, असे बायबलातील ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या 14व्या अध्यायात सांगितले आहे. उपदेशात मात्र हे क्वचितच ऐकू येते. प्रेषित पौलाने तर यरुशलेमेतील गरजूंसाठी वर्गणी गोळा करताना करिंथ शहरातल्या मंडळीला कोणताही ठरावीक हिस्सा घालून दिला नाही. ज्याने त्याने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावे, भाग पडते म्हणून देऊ नये, आणि जवळ जे असेल त्या मानाने दिलेले मान्य होते, असे तो लिहितो.

गरीब विधवेने आपल्याजवळचे सगळे, म्हणजे दोन टोल्या (अगदी लहान नाणी), मंदिराच्या दानपेटीत टाकल्याची गोष्ट सर्वांना पाठ असते. मार्काच्या शुभवर्तमानाच्या 12व्या अध्यायात या गोष्टीच्या लगेच आधी येशू विधवांची घरे गिळंकृत करणाऱ्या शास्त्र्यांवर (नियमशास्त्राच्या शिक्षकांवर) कोरडे ओढतो. त्यामुळे गरिबाने अधिक द्यावे म्हणून ती गोष्ट पुढे करणे मला तरी पटत नाही.

आमच्याकडे हंगामाच्या सणाला ज्वारी, कोंबड्या, शेंगाचटणी असे जे येईल त्याचा लिलाव होतो. विड्या वळून घर चालवणाऱ्या बाईंनी आणलेला दुधी भोपळा एकाने घ्यावा, पैसे भरावेत आणि तोच भोपळा पुन्हा लिलावात ठेवावा, असे तीन-तीनदा घडते. (शेवटच्या बोल्यांत चढाओढ शिरते, हेही खरे, उजव्या हाताचे डाव्याला कळू नये ही शिकवण तेव्हा कोणाला आठवत नाही.)

परतफेड करू शकणार नाहीत अशांना जेवायला बोलवा, असे येशू लूकच्या शुभवर्तमानाच्या 14व्या अध्यायात सांगतो. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातील उपाशी मुलींना घेऊन येणाऱ्या पंडिता रमाबाईंचे केडगाव आमच्या सोलापूर-पुणे लोहमार्गावरच आहे. दहाव्या हिश्शाचा आकडा आपल्याला जड जात असेल, तर तसे पाळकांना (मंडळीच्या धर्मगुरूंना) मोकळेपणाने सांगावे आणि जमेल तेवढे परतफेड करू न शकणाऱ्या एखाद्या घरी पोहोचवावे.