एकच म्युटेशन पुरतं का?

प्रश्न : एका म्युटेशननं (जनुकातल्या एका बदलानं) पेशी बेलगाम वाढते का? – बी.एस्सी.ची विद्यार्थिनी, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : जनुक कोणतं, त्यावर आहे. प्रत्येक जनुकाच्या सहसा दोन प्रती असतात. पेशीला वाढीचा निरोप देणाऱ्या ‘रास’ या जनुकाची एकच प्रत बिघडली तरी तेवढं पुरतं: त्याच्या प्रथिनातलं बाराव्या जागेवरचं ग्लायसिन हे अमिनो आम्ल बदललं की प्रथिन जीटीपी (त्याला ‘चालू’ ठेवणारा रेणू) नीट तोडत नाही आणि ‘विभाजन कर’ हा निरोप चालूच राहतो. तरी नुसत्या ‘रास’नं सहसा कॅन्सर होत नाही, पी५३ हे पहारेकरी जनुक शाबूत असेल तर पेशी थांबते किंवा मरते.

विभाजनाला लगाम घालणाऱ्या ‘आरबी’ या जनुकाचं उलटं. याचं प्रथिन ई२एफला (विभाजनाची जनुकं चालू करणाऱ्या प्रथिनाला) धरून ठेवतं, म्हणून पेशी जी१ टप्प्यातच, म्हणजे डीएनएची नक्कल होण्याआधीच, अडते. हा लगाम सुटायला दोन्ही प्रती बिघडाव्या लागतात. अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ आल्फ्रेड नुडसन यांनी १९७१मध्ये हेच मांडलं. एक प्रत जन्मतःच बिघडलेली असेल तर बाळाच्या बरेचदा दोन्ही डोळ्यांत कॅन्सरची गाठ होते. फ्लॅशच्या फोटोत बाळाच्या डोळ्याची बाहुली पांढरी दिसली तर ती या गाठीची खूण असू शकते, लगेच नेत्रतज्ज्ञांना दाखवा.