यात्रेला निघायचे, पण गच्चीवरच्या बागेचे काय?

प्रश्न : आम्ही उभयता निवृत्त असून नाशिकला स्वतःच्या घरात राहतो. गच्चीवर चाळीसेक कुंड्या आहेत. त्यांत मोगरा, जास्वंद, तुळस, कढीपत्ता, लिंबाची दोन झाडे आणि बरीचशी अडेनियम आहेत. येत्या मे महिन्यात चारधाम यात्रेला जायचे ठरते आहे आणि परतायला तीन आठवडे लागतील. घरच्या घरी ठिबक बसवून टायमर लावला की काळजी मिटली, असे यांचे म्हणणे. मला मात्र शेजारच्या वहिनींकडे किल्ली देऊन जाणेच खात्रीचे वाटते. कुणी सुचवते की कुंड्यांखाली पाण्याने भरलेल्या ताटल्या ठेवाव्यात. यांतले नेमके काय करावे?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ठिबकही बसवावे आणि किल्लीही द्यावी. मे महिन्यात पारा चाळिशीला टेकलेला असताना टायमरचा सेल संपला किंवा एखादी नळी निसटली, तर दोन दिवसांत कुंडीतला मोगरा माना टाकतो आणि ते पाहायला घरात कुणी नसते. उलट, चाळीस कुंड्यांना रोज झारीने पाणी घालण्याचे काम तीन आठवडे शेजारणीच्या गळ्यात घालणे मला तरी रास्त वाटत नाही. ठिबक चालू असेल, तर वहिनींनी दोन दिवसांआड वर येऊन नजर टाकली तरी पुरते.

ताटल्यांचा सल्ला मात्र सोडून द्यावा. सतत पाण्यात बसलेल्या कुंडीची मुळे कुजतात आणि डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची अंड्यापासूनची वाढ अशा स्वच्छ, साचलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत पूर्ण होते; म्हणजे तुम्ही परत येईपर्यंत गच्चीवर डासांच्या दोन पिढ्या होऊन जातील.

आता ठिबकाविषयी. बारा इंची कुंडीला भर उन्हाळ्यात रोज एक-सव्वा लिटर पाणी लागते. अडेनियम आणि कोरफड वेगळी काढून सावलीत ठेवली, तर ती तीन आठवडे पाण्यावाचून निभावतात. त्यांना ठिबकाची नळी जोडूच नये. उरलेल्या पंचवीसेक कुंड्यांना दिवसाला सुमारे तीस लिटर, म्हणजे तीन आठवड्यांत सहाशे लिटरहून अधिक पाणी लागेल. दोनशे लिटरचा पिंप भरून ठेवणे पुष्कळांना पुरेसे वाटते, पण तो आठवडाभरात रिकामा होतो. म्हणून जोड थेट घराच्या टाकीतूनच घ्यावा.

यातच एक मेख आहे. दहा मीटर उंचीवरच्या पाण्याचा दाब साधारण एक बार भरतो आणि दुकानातल्या ड्रिपरवर, म्हणजे नळीला जोडायच्या थेंब सोडणाऱ्या छोट्या तोटीवर, तासाला चार लिटर असे जे लिहिलेले असते, ते या दाबाला धरून असते. तुमची टाकी गच्चीच्या फरशीपासून जेमतेम तीन मीटर उंच असेल, तर तोच ड्रिपर तासाला दोन लिटरच्या आसपास पाणी देईल. त्यामुळे टायमरवर सकाळी वीस आणि संध्याकाळी वीस मिनिटे लावून सुरुवात करावी, टाकीजवळच्या आणि सर्वांत लांबच्या ड्रिपरखाली एकेक बाटली ठेवून पाणी मोजावे आणि मग वेळ कमीजास्त करावी. दाब आपोआप सांभाळणारे महागडे ड्रिपर इतक्या कमी दाबावर नीट चालत नाहीत. साधे, फिरवून कमीजास्त करता येणारे घ्यावेत. टायमर घेतानाही तो शून्य दाबावर चालणारा आहे ना, हे विचारून घ्यावे, कारण काही टायमरचे व्हॉल्व्ह दाबाशिवाय नीट उघडमीट करत नाहीत. टाकीच्या तोंडाशी गाळणी हवीच, नाहीतर टाकीतल्या गाळाने ड्रिपर तुंबतात.

हे सारे निघण्याच्या आदल्या आठवड्यात करायला घेऊ नये. मार्चअखेर बसवले, तर एप्रिलचे ऊन तुमच्या डोळ्यांदेखत परीक्षा घेईल आणि कुठे गळते, कोणती कुंडी कोरडी राहते ते कळेल. शिवाय कुंड्या भिंतीलगत दाटीने मांडून वर पन्नास टक्के ऊन अडवणारे हिरवे शेडनेट ताणावे, मातीवर उसाच्या पाचटाचा किंवा वाळक्या पानांचा दोन इंची थर द्यावा. निघण्यापूर्वीचे पंधरा दिवस खत घालू नये; कोवळी पालवी फुटली की पाण्याची मागणी वाढते.

यात्रेची तारीख बदलण्याजोगी असेल, तर एक सुचवतो. गंगोत्री-यमुनोत्रीची कपाटे अक्षय्य तृतीयेला उघडतात आणि केदारनाथची भाऊबीजेला मिटतात. जुलै-ऑगस्टमध्ये तिकडे दरडी कोसळतात, पण सप्टेंबरअखेरीस पाऊस ओसरल्यावर दिवाळीपर्यंतचा काळ चांगला असतो. गर्दीही मेपेक्षा बरीच कमी. त्या दिवसांत नाशिकची माती ओलसर असते आणि तुमच्या झाडांना मेच्या निम्म्यानेही पाणी लागत नाही. मेचेच आरक्षण झाले असेल, तर परतल्यावर एखादे झाड सुकलेले दिसताच त्यावर पाणी ओतू नये. कुंडी सावलीत घेऊन माती थोडी थोडी भिजवावी, वाळलेले शेंडे खुडावेत आणि नवी पालवी दिसेपर्यंत खत देऊ नये.