बीटल्सचा पहिला परदेश दौरा अमेरिकेचाच का? फळ्यावर रोज काय लिहावं?

तुम्ही विचारलंय की मंगळवार पेठेत तुमच्या गिटार क्लासबाहेर फळा आहे, फेब्रुवारीभर त्यावर रोज एक अशी बीटल्सच्या पहिल्या परदेश दौऱ्याची माहिती लिहायची आहे, सुरुवात अमेरिकेपासून करू का आणि त्यात खरं किती. मी कोल्हापुरातच ऑर्केस्ट्राला साउंड लावतो. त्या रस्त्यानं माझं कायम जाणं-येणं असतं, म्हणजे तुमचा फळा मी वाचणारच. तेव्हा जरा सविस्तर सांगतो.

अमेरिका पहिली नव्हे. इंग्लंडमधल्या लिव्हरपूलचा हा बँड अमेरिकेला गेला तो फेब्रुवारी १९६४ मध्ये. त्याआधी जानेवारीत पॅरिस झालं होतं, ऑक्टोबर १९६३ मध्ये स्वीडन, आणि या सगळ्याच्या कितीतरी आधी, १९६० मध्ये, जर्मनीतलं हँबुर्ग. (मे १९६० मध्ये ते स्कॉटलंडलाही गेले होते, पण लिव्हरपूलच्या पोराला स्कॉटलंड काही परदेश नव्हे.) माझं ऐकाल तर पहिल्या आठवड्यात फळा हँबुर्गला द्या. अमेरिकेच्या गोष्टी लोकांनी चार ठिकाणी वाचलेल्या असतात.

१६ ऑगस्ट १९६० ला हे लिव्हरपूलहून निघाले, ॲलन विल्यम्स या त्यांच्या एजंटच्या ऑस्टिन व्हॅनमधून. हार्विच बंदरात ती व्हॅन क्रेननं उचलून बोटीवर चढवली. तो फोटो आजही बघायला मिळतो, व्हॅनच्या टपावर सामान बांधलेलं दिसतं. पोरं पाच: जॉन, पॉल, जॉर्ज, बेसवर स्टुअर्ट सटक्लिफ आणि ड्रमवर पीट बेस्ट, जो निघायच्या जेमतेम चार दिवस आधी बँडमध्ये आला होता. पुढं बीटल्सचा ड्रमर म्हणून गाजलेला रिंगो नाही! तो त्या वेळी लिव्हरपूलच्याच रोरी स्टॉर्मच्या बँडमध्ये होता. पुढं तो बँडही हँबुर्गला आला आणि दोन्ही बँड एकाच क्लबमध्ये आलटून-पालटून वाजवायला लागले. रिंगोशी यांची खरी ओळख तिथली. फळ्यासाठी एक दिवस नुसता यावरच निघेल.

काम कसलं? इंद्रा नावाच्या क्लबात आठवड्याच्या दिवशी रात्री साडेचार तास, शनिवार-रविवारी सहा तास. पगार माणशी दिवसाला ३० मार्क. मालक ब्रुनो कोशमिडर खालून ओरडायचा की नुसते उभे राहू नका, काहीतरी करून दाखवा. राहायची सोय बांबी किनो या थिएटरात, पडद्याच्या मागं, संडासाला लागून. सकाळची झोप सिनेमाच्या आवाजानं मोडायची. ज्या माणसानं परगावच्या जत्रेत स्टेजमागं स्पीकरच्या खोक्यावर झोप काढलीय त्याला हे वाचून हसू येईल.

इंद्रामधलं वाजवणं ४८ रात्रींनी बंद पडलं. कारण? वर राहणाऱ्या एका म्हातारीची आवाजाबद्दल तक्रार. माझ्या धंद्यातल्या प्रत्येकाची एक अशी म्हातारी असते. मग त्याच मालकाच्या कैसरकेलर या मोठ्या क्लबात त्यांना हलवलं.

शेवट तर आणखी भारी. जॉर्ज सतराच वर्षांचा होता, आणि तिथल्या कायद्यानं अठराच्या आतल्या पोराला रात्री दहानंतर क्लबात थांबता येत नव्हतं. नोव्हेंबरमध्ये त्याची रवानगी झाली, एकट्याची, रेल्वेनं. पाठोपाठ पॉल आणि पीटलाही हाकललं. बांबी किनोत भिंतीला टांगलेलं एक कंडोम पेटवलं म्हणून जाळपोळीचा आळ! कोशमिडरची खरी पोटदुखी म्हणजे हे दुसऱ्या मालकाच्या टॉप टेन क्लबात निघाले होते. हे फळ्यावर लिहायचं की नाही ते क्लासला येणाऱ्या पोरांच्या आयांकडं बघून ठरवा.

स्वीडनला एकच दिवस पुरे. जगप्रसिद्ध व्हायला निघालेल्या बँडचा तिथला पहिला कार्यक्रम २५ ऑक्टोबर १९६३ ला कार्लस्टाड गावात झाला, तोही एका शाळेच्या सभागृहात.

आता अमेरिका. ७ फेब्रुवारीला पॅन ॲमच्या विमानानं न्यूयॉर्क, ९ ला रात्री आठला एड सुलिव्हनचा टीव्ही शो. सुमारे ७ कोटी ३० लाख लोकांनी पाहिला हा आकडा सगळे देतात, तुम्हीही द्या. पण मला त्याच्या आदल्या दिवसाची गोष्ट जास्त आवडते. जॉर्जचा घसा बसला, अंगात ताप. रिहर्सलला त्याच्या जागी त्यांचा रोड मॅनेजर नील ॲस्पिनॉल उभा केला, कॅमेऱ्याची जागा ठरवायला. त्या दिवशीच्या सेंट्रल पार्कमधल्या फोटोंत म्हणूनच तिघेच दिसतात. आणि कार्यक्रमात प्रत्येकाच्या चेहऱ्याखाली नाव झळकलं, तेव्हा जॉनच्या नावाखाली आणखी एक ओळ होती: माफ करा मुलींनो, याचं लग्न झालंय.

११ तारखेचा दिवस मात्र माझ्यासाठी राखून ठेवा. बर्फामुळं विमान रद्द, म्हणून रेल्वेनं वॉशिंग्टन. कार्यक्रम कोलिसियम नावाच्या हॉलमध्ये, बॉक्सिंगच्या रिंगसारखं स्टेज मधोमध आणि आठ हजारांवर माणसं चारी बाजूंनी. खासबागेत आखाड्यात गिटार घेऊन उभं राहायचं, तसंच हे. कुठल्या तरी बाजूला पाठ होणारच. मग त्यांनी काय करावं? दर काही गाण्यांनंतर माइक, अँप फिरवायचे आणि दुसऱ्या बाजूला तोंड करायचं. ड्रमचा चौथरा फिरता होता, पण तो अडकला. रेकॉर्डिंगमध्ये रिंगो स्वतः उठून तो ढकलताना दिसतो. सगळी अमेरिका डोळे लावून बसलीय आणि ड्रमर चौथरा ढकलतोय! त्या काळी स्टेजवर मॉनिटर, म्हणजे गाणाऱ्याकडं तोंड केलेला स्पीकर, ठेवायची पद्धतच नव्हती. स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नाही, समोर किंकाळ्या, तरी तिघांचे सूर एकमेकांत बसतात. कशानं? हँबुर्गच्या त्या साडेचार-साडेचार तासांनी, दुसरं काय. तुमच्या विद्यार्थ्यांना हे रेकॉर्डिंग आवाज मोठा करून ऐकवाच.

त्याच रात्री गोळ्यांचा मारही खाल्ला. जॉर्जला जेली बेबी आवडतात असं कुठंतरी छापून आलं होतं. इंग्लंडच्या त्या गोळ्या मऊ असतात. अमेरिकेत मिळतात जेली बीन, वरून कडक कवचाच्या. त्याच पोत्यानं आल्या, चारी बाजूंनी.

१२ ला न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये दोन खेळ, मग मायामी. १८ ला तिथल्या तालमीत बॉक्सर कॅशियस क्लेबरोबर फोटो. चौघे ओळीत आणि तो एकाच ठोशात चौघांना पाडतोय असा आव. आठवड्याभरात तो जगज्जेता झाला आणि पुढं मुहम्मद अली. तालमीच्या गावात हा दिवस चुकवलात तर लोक बोलतील.

एक मात्र लिहू नका. सुलिव्हनच्या शोच्या वेळी न्यूयॉर्कमध्ये एकही गुन्हा घडला नाही, ही थाप आहे. एका वर्तमानपत्रातल्या खोचक वाक्यावरून ती पसरली आणि पुढं खुद्द जॉर्जही ती सांगायला लागला. २२ ला ते लंडनला परतले, म्हणजे तुमच्याकडं महिन्याचे काही दिवस उरतात. त्यात २५ तारीख जॉर्जच्या वाढदिवसाला द्या: हँबुर्गहून वयामुळं हाकललेला पोरगा त्या दिवशी २१ वर्षांचा झाला.